प्रत्येक सिलिंडरचा ताप निराळा

छोट्या विमानाचे इंजिन सर्वांत जास्त तापते ते भरधाव उडताना नव्हे, तर धावपट्टी सोडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. त्या वेळी थ्रॉटल पूर्ण उघडलेला असतो आणि इंजिन सगळी ताकद लावत असते. विमान मात्र नाक वर करून चढत असते, म्हणून वेग कमी आणि इंजिनावरून जाणारा वाराही कमी. उष्णता सर्वांत जास्त आणि ती वाहून नेणारा वारा सर्वांत थोडा, अशी ही वेळ. उंचीही फारशी हाताशी नसते. इंजिनाने दगा दिला तर समोर जे मैदान दिसेल तेच आपले.

या काही मिनिटांत सिलिंडरच्या डोक्यात, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये, काय चालले आहे हे वैमानिकाला कळायलाच हवे. कारखान्यातून आलेल्या विमानातही ते महत्त्वाचे असते. पण विमान जर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेले असेल, तर त्या तापमानाइतकी महत्त्वाची दुसरी नोंद क्वचितच असेल.

गॅरेजमधली विमाने

स्वतः विमान बांधून उडवण्याची परंपरा अमेरिकेत चांगली रुजलेली आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ सुरू केली. या संस्थेच्या ऑशकॉश येथील वार्षिक मेळाव्याला दर उन्हाळ्यात हजारो विमाने उतरतात. ओरेगॉनमधल्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ कंपनीच्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी सुट्या भागांच्या संचांतून बांधून उडवली आहेत. अमेरिकी नियमानुसार अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्याने, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेले असावे लागते.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. भारतात ही वाट अजून अरुंद आहे, पण ती आहे.

कारखान्यातल्या विमानाला प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी त्याचे इंजिन पुरेसे थंड राहते हे सिद्ध करावे लागते. समुद्रसपाटीला १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस हवा आहे असे धरून, चढाईतसुद्धा इंजिन मर्यादेत राहिले पाहिजे, अशी ती अट. घरी बांधलेल्या विमानाला ही चाचणी लागू नाही. तिथे काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, बांधणाऱ्याने कापून-घासून बसवलेले असते. आतले पत्रे त्यानेच वाकवलेले असतात. एकाच संचातून बांधलेली दोन विमानेसुद्धा तापण्याच्या बाबतीत सारखी निघत नाहीत. त्यामुळे जे काम प्रमाणपत्राने केले असते, ते इथे तापमापकाकडून करून घ्यावे लागते.

उष्णता जाते कुठे

पेट्रोलमध्ये जितकी ऊर्जा असते तिचा फार तर चौथा ते तिसरा हिस्सा प्रोपेलर फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यातला मोठा भाग धुराबरोबर बाहेर जातो, काही तेलातून, आणि बाकीचा सिलिंडरच्या भिंतींतून आणि हेडमधून हवेत. ज्वलनाच्या क्षणी आतल्या वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. तरीही हेड टिकते. ज्वलन क्षणभरच चालते, भिंतीलगत तुलनेने थंड वायूचा पातळ थर असतो आणि बाहेरून वारा सतत उष्णता ओढून नेत असतो, म्हणून.

हा समतोल किती नाजूक आहे ते धातूच्या गुणधर्मावरून कळते. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडू लागतात. २०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांची मजबुती खोलीच्या तापमानाच्या मानाने सुमारे निम्म्यावर येते आणि पुढे झपाट्याने घटते. लायकॉमिंगसारख्या विमान इंजिनांत ॲल्युमिनियमचे हेड पोलादी सिलिंडरवर गरम करून, पेच फिरवून घट्ट बसवलेले असते. हा जोड वर्षानुवर्षे तापतो आणि निवतो. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला उष्णता सर्वांत जास्त साठते. तिथे व्हॉल्व्हचे गाइड झिजते, व्हॉल्व्ह नीट बसेनासा होतो, हेडला तडा जातो. हे एका उड्डाणात होत नाही. शेकडो तास थोडे थोडे जास्त तापत राहिल्याने होते.

म्हणून मर्यादा दोन असतात. अनेक लायकॉमिंग इंजिनांची लाल रेघ ५०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे २६० अंश सेल्सिअसला असते. पण तीच कंपनी सांगते, की इंजिन दीर्घकाळ टिकायला हवे असेल तर जोरदार क्रूझमध्ये, म्हणजे सपाट प्रवासात, हेड ४३५ अंश फॅरनहाइटच्या (२२४ अंश सेल्सिअस) आणि बेताच्या क्रूझमध्ये ४०० अंशांच्या (२०४ अंश सेल्सिअस) खाली ठेवा. लाल रेघ म्हणजे ‘याच्या पुढे मुळीच नको’ एवढेच. ‘इथपर्यंत खुशाल’ असा अर्थ तिच्यातून काढू नये.

फार थंडही चालत नाही. विमानाच्या शिसेयुक्त पेट्रोलमधले शिसे जळून बाहेर पडायला पुरेशी उष्णता लागते. ती नसेल तर त्याचे थर प्लगवर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर जमतात.

वाऱ्याची वाट

समोरून आलेला वारा इंजिनावर आदळला म्हणजे ते थंड होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चांगल्या रचनेत वाऱ्याला शिस्तीत नेले जाते. १९२८ मध्ये अमेरिकेच्या ‘नाका’ संस्थेच्या लँग्ली प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल इंजिनांसाठी आवरण विकसित केले. कर्टिस एटी-५ए या विमानावर ते चढवल्यावर त्याचा सर्वाधिक वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला, आणि इंजिन थंडही राहिले. उघड्या इंजिनावरून सैरावैरा जाणाऱ्या वाऱ्यापेक्षा आवरणातून मोजून नेलेला वारा अधिक काम करतो आणि विमानाला कमी अडवतो, हे त्यातून सिद्ध झाले.

आजच्या समोरासमोर सिलिंडर असलेल्या इंजिनांत हवा पुढच्या दोन तोंडांतून इंजिनाच्या वर येते आणि तिथे थोडी दाबली जाते. खालच्या बाजूला दाब कमी असतो. या दाबाच्या फरकामुळे हवा फिन्समधून, म्हणजे सिलिंडरवरच्या पातळ धातूच्या पाकळ्यांमधून, वरून खाली ओढली जाते. तिला दुसरी वाट मिळू नये म्हणून सिलिंडरभोवती पत्र्याच्या आडभिंती लावतात. त्यांना बॅफल म्हणतात. बॅफल आणि काउलिंग यांच्यामधली फट रबरी किंवा सिलिकॉनच्या पट्टीने बंद केलेली असते. हवा नेहमी सोपी वाट धरते. कुठे बोटभर फट राहिली, तर तेवढी हवा फिन्सना शिवतही नाही.

ही कारागिरी किती बारीक असते याचे एक उदाहरण. लायकॉमिंगच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात उजवीकडच्या मागच्या, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरच्या पाठीमागे फिन्स फार उथळ असतात. तिथे बॅफलचा पत्रा चिकटवून बसवला, तर हवेला उतरायला जागाच उरत नाही आणि हा सिलिंडर इतरांपेक्षा तापू लागतो. अनुभवी बांधणारे पत्रा आणि सिलिंडर यांच्यामध्ये वॉशर घालून थोडी जागा सोडतात. काही रुपयांच्या वॉशरने तापमान ठळकपणे खाली येते. तसेच नव्या हेडच्या फिन्समध्ये ओतकामाच्या वेळी राहिलेले धातूचे पातळ पापुद्रे असतात. ते हवेची वाट अडवतात. म्हणून बारीक कानशीने ते काढून टाकायचे असतात. पण या दोन्ही गोष्टी करायला हव्यात हे कळायचे कसे? प्रत्येक सिलिंडरचे तापमान वेगळे दिसत असेल तरच.

दोन तारांचा तापमापक

हे तापमान मोजणारे साधन आहे थर्मोकपल. टी. जे. सीबेक यांनी १८२१ मध्ये दाखवून दिले, की दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून त्यांच्या टोकांमध्ये तापमानाचा फरक ठेवला तर विद्युत परिणाम घडतो. हेडसाठी बहुधा ‘जे’ प्रकार वापरतात: एक तार लोखंडाची, दुसरी तांबे-निकेलच्या कॉन्स्टंटन मिश्रधातूची. धुराचे तापमान ७००-८०० अंशांपर्यंत जाते. त्यासाठी क्रोमेल-ॲल्युमेलचा ‘के’ प्रकार. ‘जे’ जोडीत शून्य आणि २०० अंशांमधल्या फरकाला मिळतात जेमतेम १०.८ मिलिव्होल्ट. इतक्या क्षीण संकेतावर सगळा भरवसा असल्याने जोडणीतली हयगय महागात पडते.

एक चूक तर डोळसपणे टाळलीच पाहिजे. ‘के’ जातीची तार ‘जे’साठी ठरवलेल्या उपकरणाला जोडली, तर हेड खरोखर २०० अंशांवर असताना उपकरण १५०-१६० अंशच दाखवते. पडद्यावर सगळे हिरवे आणि आत धातू मऊ पडतोय. उलट जोडणीत २०० चे २५० च्या वर दिसतात. तेव्हा निदान माणूस घाबरून तपासतो तरी. दुसरी गंमतशीर वाटणारी पण नेहमी फसवणारी गोष्ट रंगांची. अमेरिकी पद्धतीत थर्मोकपलची लाल तार ऋण असते. घरच्या वायरिंगची सवय असलेला माणूस लालला धन समजतो आणि मग इंजिन तापेल तसा आकडा खाली जाऊ लागतो. मध्येच साध्या तांब्याच्या तारेचा तुकडा जोडणे, हाही नेहमीचा दोष. तारा वाढवायच्याच असतील, तर त्या त्याच जातीच्या धातूंच्या हव्यात.

तपासणी मात्र सोपी आहे. प्रोब, म्हणजे थर्मोकपलचे मोजणारे टोक, बाहेर काढून उकळत्या पाण्यात बुडवावा. समुद्रकिनारी तो १०० अंश दाखवेल, पुण्याच्या उंचीवर ९८ च्या आसपास. विमान पहिल्यांदा उडण्यापूर्वी प्रत्येक प्रोबची ही परीक्षा घ्यावी.

प्रोब कुठे बसवला आहे, यावरही आकडा ठरतो. विमानाच्या इंजिनांत हेडमध्येच त्यासाठी आटे असलेले भोक असते. मोटारीच्या इंजिनावरून तयार केलेल्या इंजिनांत बहुधा प्लगखाली वॉशरसारखी कडी बसवतात. दोन्हींच्या आकड्यांत कित्येक अंशांचा फरक पडू शकतो, कारण कडीवरून वाराही वाहतो आणि प्लगची उष्णताही तिच्यात येते. एका जागेची मर्यादा दुसऱ्या जागेच्या आकड्याला लावू नये. ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीच्या ९१२ मालिकेत तर हेड पाणी-कूलंटने थंड होते आणि सिलिंडर वाऱ्याने. तिथे मर्यादा खूप खाली आहेत: ९१२ यूएल इंजिनाला १५० अंश सेल्सिअस, ९१२ यूएलएसला १३५. नंतरच्या हेडमध्ये कूलंटचेच तापमान मोजतात आणि त्याची मर्यादा १२०. यात एक सावधगिरी आहे. कूलंट गळून गेले, तर द्रवात बुडायला हवा असलेला सेन्सर कोरडा पडतो आणि खरे सांगेनासा होतो.

शितावरून भात कळत नाही

पूर्वी बऱ्याच छोट्या विमानांत एकच प्रोब असे, सर्वांत तापणाऱ्या समजल्या जाणाऱ्या सिलिंडरवर. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते, इंजिनात नाही. प्रत्येक सिलिंडरला वारा वेगळा मिळतो, इंधन-हवेचे मिश्रण थोडे वेगळे मिळते आणि प्लगही वेगवेगळ्या वयाचे असतात. शिवाय सर्वांत तापणारा सिलिंडर कायम एकच नसतो. चढताना एक असतो, सपाट उडताना दुसरा.

फोक्सवॅगन बीटलच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची गोष्ट यासाठी बोलकी आहे. हे वाऱ्याने थंड होणारे हलके इंजिन हौशी विमानबांधणीत फार लोकप्रिय झाले. मोटारीत त्याचा तीन नंबरचा सिलिंडर बदनाम होता, कारण ऑइल कूलर पंख्याच्या आवरणात त्याच सिलिंडरच्या वाटेत उभा होता. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला हलवला गेला. विमानात हा पंखा आणि ते आवरण काढून टाकतात, प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर लावतात आणि वाऱ्याची वाट बांधणारा नव्याने घडवतो. म्हणजे मोटारीतला ‘तीन नंबर तापतो’ हा अनुभव विमानात जसाच्या तसा लागू पडत नाही. कुठला सिलिंडर तापतो हे प्रत्येक विमानात नव्याने शोधावे लागते.

आता इलेक्ट्रॉनिक इंजिन मॉनिटरमुळे चारही किंवा सहाही सिलिंडर, त्यांच्या धुरासकट, एका पडद्यावर उभ्या पट्ट्यांत दिसतात आणि दर काही सेकंदांची नोंद साठवली जाते. घरी बांधलेल्या विमानाला अशी साधने बसवणे प्रमाणित विमानापेक्षा सोपे असते, कारण तिथे मंजुरीची कटकट कमी.

आकडा आणि चाल

आकडा स्वतः थोडेच सांगतो. तो कुठून कुठे आणि किती वेगाने चालला आहे, हे बरेच सांगते. काही ठसठशीत खुणा पाहू.

चारही सिलिंडर एकत्र चढत असतील, तर कारण सामाईक आहे: चढाईचा वेग कमी, मिश्रण फार पातळ, बाहेरची हवा गरम, किंवा काउलिंगच्या खालचे बाहेर पडायचे तोंड अपुरे. एकच सिलिंडर इतरांहून सतत जास्त तापत असेल, तर त्याचे बॅफल, फिन्स किंवा त्याला मिळणारे इंधन पाहावे. एका सिलिंडरच्या धुराचे तापमान वाढले पण हेडचे जरा उतरले, तर त्याच्या दोन प्लगपैकी एक बहुधा मेला आहे. ज्वलन सावकाश होते आणि धग धुराबरोबर बाहेर जाते.

सर्वांत घाईची खूण याच्या उलट असते. एका हेडचे तापमान सेकंदाला एखाद्या अंश फॅरनहाइटने किंवा त्याहून वेगाने उसळते आणि त्याच वेळी धुराचे उतरते. हे बहुधा प्री-इग्निशन, म्हणजे ठिणगीच्या आधीच तापलेल्या कणाने किंवा तडकलेल्या प्लगने पेटणारे मिश्रण. मिनिटभरात पिस्टनला भोक पडू शकते. इथे विचार करत बसू नये. थ्रॉटल मागे घ्यावा, मिश्रण रिच, म्हणजे जास्त इंधनाचे, करावे आणि उतरायची जागा पाहावी.

नेहमीच्या चढाईत तापमान वाढत असेल, तर उपायांचा क्रम ठरलेला आहे. आधी नाक खाली करून वेग वाढवायचा, मग मिश्रण पूर्ण रिच आहे याची खात्री करायची (जास्तीचे इंधन ज्वलन थंड ठेवते), काउल फ्लॅप, म्हणजे काउलिंगमधून हवा बाहेर सोडणारी झडप, असतील तर उघडायचे, आणि तरी भागत नसेल तर ताकद कमी करायची. लाल रेघेपर्यंत थांबायचे नाही. ४०० अंश फॅरनहाइट ओलांडताच हालचाल सुरू करावी, हा चांगला नियम आहे.

पहिले तास

नव्या किंवा नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या पहिल्या तासांत पिस्टनच्या रिंग सिलिंडरच्या भिंतीशी घासून बसत असतात. घर्षण जास्त म्हणून हेडही जास्त तापतात. अशा वेळी बरेच जण घाबरून हळू उडतात, आणि तेच चुकते. रिंगना भिंतीवर दाबायला ज्वलनाचा जोर लागतो, म्हणून पुरेशी ताकद देऊन, पण तापमान हद्दीत ठेवून उडायचे असते. जमिनीवर उभे राहून इंजिन फार वेळ चालवायचे नाही, कारण तिथे वारा नसतो. रिंग बसल्या की एके दिवशी त्याच ताकदीला, त्याच वेगाला हेडचे तापमान लक्षात येईल इतके उतरते आणि तिथेच स्थिरावते. काम झाल्याची ही सर्वांत चांगली खूण. सिलिंडर उघडून पाहता येत नाही, तेव्हा तापमानाचा आलेखच ते सांगतो.

अमेरिकेत अशा विमानाने पहिले २५ किंवा ४० तास ठरावीक क्षेत्रातच चाचणी उड्डाणे करावीत, अशी पद्धत आहे. इंजिनाच्या तापमानांचा पाया घालायला हाच काळ उत्तम. किती ताकदीला, किती वेगाला, किती उंचीवर आणि बाहेर किती तापमान असताना प्रत्येक हेड किती तापले, याची नोंद इथे तयार होते.

उन्हाळ्याचे गणित

बाहेरची हवा एक अंशाने तापली, की हेडचे तापमानही साधारण एका अंशाने वाढते. हे साधे गणित आपल्या हवामानात फार महत्त्वाचे आहे. डिसेंबरच्या सकाळी १५ अंश हवेत चढताना ज्या विमानाची हेड २०५ अंश सेल्सिअसला थांबतात, तीच धुळ्यात किंवा नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांत २३० च्या पुढे जाण्याची शक्यता असते. थंडीत केलेल्या चाचणीवर उन्हाळ्याचे उड्डाण बेतू नये. नोंद केलेल्या आकड्यात हवेतला फरक मिळवून आधीच हिशेब करावा. हिशेब मर्यादेजवळ जात असेल तर पहाटे उडावे, वजन कमी ठेवावे, चढाई सपाट ठेवावी, आणि हंगाम संपल्यावर बॅफलच्या फटी पुन्हा एकेक करून तपासाव्यात.

स्वतः विमान बांधण्यात मोठे स्वातंत्र्य आहे. काउलिंगचा आकार, इंजिन, प्रोपेलर, सगळे आपले आपण ठरवतो. पण त्याबरोबर प्रमाणपत्र देणाऱ्याची जागाही आपल्यालाच घ्यावी लागते. रंगकाम आणि आसनांचे चामडे यांच्यावर खर्च करण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरवर एक चांगला प्रोब बसवावा, तो उकळत्या पाण्यात पडताळावा आणि प्रत्येक उड्डाणानंतर नोंद उघडून पाहावी. ज्याच्याकडे शंभर तासांची नोंद आहे त्याला एखादा सिलिंडर नेहमीपेक्षा दहा अंश जास्त दाखवू लागला की लगेच कळते, आणि तो हँगरमध्ये बॅफल सोडून पाहू शकतो. नोंद नसलेल्याला तेच कळते ते इंजिन खडखडू लागल्यावर, हवेत.